नाजूक पेशंटसोबत मनोविश्लेषणात्मक काम: आधाराची तंत्रं, पायरीपायरीने

मनोविश्लेषणाच्या, म्हणजे मनात खोल दडलेला अर्थ उलगडण्याच्या उपचारपद्धतीच्या, अंगाने काम करायला शिकलेल्या तरुण थेरपिस्टना एक धास्ती असते: आपण पेशंटला नुसता धीर तर देत नाही ना? सुपरव्हिजनला, म्हणजे आपल्या केसेस अनुभवी थेरपिस्टसमोर मांडायला, येणाऱ्यांच्या नोंदींत ती मला सतत दिसते. पेशंट सेशनमध्ये थरथरत होता, त्याला पाणी दिलं, थोडा वेळ त्याच्या रोजच्या कामाबद्दल बोललो, तो शांत झाला. आणि त्याखाली लिहिलेलं असतं, 'हे चुकलं का?'

चुकलं नाही. ज्याची मनाची घडी कधीही विसकटू शकते अशा माणसासोबत हेच खरं काम असतं, आणि मनोविश्लेषणाचं सगळं शिक्षण त्यासाठीच कामी येतं. कुठे बोलायचं, कुठे थांबायचं, पेशंटच्या कोणत्या सवयीला हात लावायचा आणि कोणती तशीच राहू द्यायची, हे त्याचं मन आतून कळल्याशिवाय ठरवता येत नाही. समजून घेताना पूर्ण विश्लेषण करायचं आणि बोलताना आधाराचं बोलायचं, असं हे काम आहे.

आधार म्हणजे कमअस्सल उपचार, हा समज जुना आहे. १९१८ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड म्हणाले होते की हे उपचार गोरगरिबांपर्यंत न्यायचे तर विश्लेषणाच्या शुद्ध सोन्यात थेट सूचनेचं तांबं मिसळावं लागेल. तेव्हापासून तांब्याकडे जरा खालच्या नजरेनेच पाहिलं गेलं. पुढे अमेरिकेत मेनिंजर फाउंडेशन या मानसोपचार संस्थेने १९५० च्या दशकात ४२ पेशंटचा अभ्यास हाती घेतला आणि त्यांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. मनोविश्लेषक रॉबर्ट वॉलरस्टीन यांनी १९८६ मध्ये त्याचा सविस्तर निष्कर्ष मांडला: ठरवलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त आधाराचं काम सगळ्याच उपचारांत झालं होतं, आणि त्यातून आलेले बदल खोल विश्लेषणातून आलेल्या बदलांइतकेच टिकले होते. मला वाटतं, आपल्या प्रशिक्षणात ही गोष्ट पहिल्याच वर्षी सांगायला हवी.

हा लेख नाशिक आणि आसपास काम करणाऱ्या समुपदेशक व मानसशास्त्रज्ञांसाठी आहे. आपल्याकडे येणारा पेशंट पुस्तकातल्या, फ्रॉइड यांच्या व्हिएन्नातल्या पेशंटसारखा नसतो. तो सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शिफ्टमधून येतो, निफाड-दिंडोरीच्या बागेतून येतो, कॉलेज रोडच्या हॉस्टेलमधून येतो. बहुतेक वेळा सोबत कुणीतरी असतं आणि ते बाहेर बाकावर बसून राहतं.

पायरी १: कोण नाजूक आहे, हे आधी ओळखा

निदानाच्या नावावरून हे कळत नाही. डिप्रेशन लिहिलेला एखादा पेशंट खूप काही सोसू शकतो आणि 'ताणतणाव' म्हणून आलेला दुसऱ्या आठवड्यात कोलमडतो. पहिल्या दोन-तीन भेटींत मी काही गोष्टी मुद्दाम तपासते. मनातलं आणि बाहेरचं वेगळं ठेवता येतं का? राग आला की काय करतो: बोलतो, गप्प होतो, भिंतीवर डोकं आपटतो, दारू पितो? वाईट वाटलं तर ते किती वेळ सहन होतं? आयुष्यात एखादं नातं तरी टिकलेलं आहे का? आधी कधी ॲडमिट व्हावं लागलं का, आवाज ऐकू आले का, जीव द्यावासा वाटला का?

प्रश्न साध्या भाषेत विचारा. 'रिॲलिटी टेस्टिंग', म्हणजे मनातलं आणि बाहेरचं वेगळं ओळखण्याची क्षमता, तपासायला 'रस्त्याने जाताना लोक आपल्याबद्दलच बोलतायत असं कधी वाटतं का? वाटलं तर पुढे काय करता?' एवढं पुरतं. उत्तराचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. 'वाटतं, पण मग मनाला समजावतो' म्हणणारा आणि 'वाटत नाही, बोलतातच' म्हणणारा, या दोघांसोबत काम वेगळं होणार.

शेवटी एक छोटी चाचणी करावी. पेशंटच्या दोन गोष्टींमधला अगदी वरवरचा दुवा दाखवा: 'मुलगी पुण्याला गेली तेव्हापासूनच झोप उडाली, असं दिसतंय.' पेशंट थोडा थबकला, विचारात पडला, त्यात स्वतःची भर घातली, तर त्याच्यात पाहण्याची ताकद आहे. तो गोंधळला, चिडला, किंवा पुढच्या भेटीत जास्त विस्कळीत होऊन आला, तर तुमचं उत्तर मिळालं.

पायरी २: एकट्याने सुरू करू नका

पेशंट नाजूक आहे असं दिसलं की सायकिॲट्रिस्ट सोबत हवाच. गोळ्या चालू असतील तर कोणत्या, कुणी दिल्या, मध्येच बंद केल्या होत्या का, हे विचारा. थायरॉइड, बी-१२, साखर, प्रसूतीनंतरचा काळ या गोष्टी डॉक्टरांकडून तपासून झाल्यात का, तेही विचारा. आपण क्लिनिकमध्ये बालपण उलगडत बसतो आणि थायरॉइड तसाच राहतो, असं होता कामा नये.

आत्महत्येबद्दल सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटका वाटते. 'इतका त्रास होतो तेव्हा जगणं नको, असं मनात येतं का?' इथून सुरू करा आणि 'कसं, कधी, तयारी केली आहे का' इथपर्यंत जा. शेतकरी कुटुंब असेल तर फवारणीची औषधं कुठे ठेवतात हे त्याच दिवशी विचारायचं. ती कुलपात आणि किल्ली दुसऱ्या माणसाकडे, हे घरच्यांसमोर ठरवून घ्यायचं. शहरातल्या घरात हाच प्रश्न गोळ्यांच्या साठ्याबद्दल. वाईट क्षण येतो आणि ओसरतो. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसेल तर माणूस वाचतो. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पेशंटच्या आणि घरच्या एकाच्या मोबाइलमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या. ही सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.

पायरी ३: चौकट घट्ट, पण इथल्या जगण्याला धरून

विश्लेषणात पेशंट ज्यावर आडवा पडून बोलतो तो कोच नको. पेशंट समोर खुर्चीत बसेल आणि त्याला तुमचा चेहरा दिसेल. ज्याला आतले आवाज आणि बाहेरचे आवाज वेगळे करणं जड जातं, त्याला न दिसणारा थेरपिस्ट भीतिदायक वाटू शकतो. लांब शांतताही नको. पाच-दहा सेकंदांत तो शून्यात जातोय असं दिसलं तर बोला.

आठवड्यातून एकदा, तोच वार, तीच वेळ. पंचेचाळीस मिनिटं झेपत नसतील तर तीस. आठवड्यात तीनदा बोलावल्याने नाजूक पेशंट अनेकदा जास्त उसवतो. फी, रद्द करायचा नियम, फोन कधी करायचा आणि कधी उचलला जाणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा आणि एका कागदावर लिहून द्या. व्हॉट्सॲपवर रात्री अकराला आलेल्या लांबलचक मेसेजला तुम्ही एकदा उत्तर दिलंत की पुढच्या वेळी न आलेलं उत्तर त्याला नाकारल्यासारखं लागतं. म्हणून नियम आधीच ठरलेला बरा.

आता इथली गोष्ट. द्राक्षबागायतदाराला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीत आणि पुढे काढणीच्या दिवसांत दर आठवड्याला नाशिकला येता येत नाही. त्याला 'टाळाटाळ' म्हणून लगेच अर्थ लावायला जाऊ नका. हंगाम सुरू होण्याआधी बसून ठरवा: या दोन महिन्यांत पंधरा दिवसांनी एक भेट आणि मधल्या आठवड्यात ठरल्या वेळी दहा मिनिटांचा फोन. अवकाळी पाऊस आला, गारा पडल्या, तर त्या आठवड्यात फोन आपण करायचा, वाट पाहायची नाही. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याची पाळी बदलली की वेळ बदलणार. त्याचंही महिन्याचं वेळापत्रक आधी मागून घ्या. सिंहस्थाच्या पर्वण्यांना पंचवटीकडचे रस्ते बंद असतात, तेव्हा भेटीच्या तारखा बऱ्याच आधी सरकवा. चौकट लवचिक करणं वेगळं आणि ती सैल पडू देणं वेगळं. बदल आधी बोलून झाला असेल तर पेशंटला तो झेपतो.

पायरी ४: एका वाक्याला काय उत्तर द्यायचं

इथे जरा थांबते, कारण सगळं कसब इथे आहे.

एक पेशंट डोळ्यासमोर आणा. हा एक खरा माणूस नव्हे, अनेकांवरून रचलेलं चित्र आहे. वय चौतीस, अंबडला कारखान्यात, सिडकोत मोठ्या भावाच्या कुटुंबासोबत राहतो. काही वर्षांपूर्वी संशय आणि आवाज यांमुळे ॲडमिट होता, आता गोळ्यांवर ठीक आहे. तो म्हणतो, 'काल सुपरवायझर माझ्याकडे बघून हसला. आत काहीतरी तुटलं मॅडम. वाटलं, सगळ्यांना माझं कळलंय.'

थेरपिस्टला ठाऊक आहे की वडील याला पाहुण्यांसमोर हसायचे. म्हणून ती म्हणते, 'वडिलांसमोर असंच वाटायचं ना? आत्ता माझ्यासमोरही मी हसेन अशी भीती वाटतेय का?' कदाचित हे शंभर टक्के बरोबर असेल. पण हा माणूस रात्रपाळीला जाताना एवढंच सोबत नेईल की मॅडमना न सांगता मनातलं कळतं.

दुसरं उत्तर: 'असं काही नसेल हो, मनावर घेऊ नका.' हे भाऊही म्हणतो, वहिनीही म्हणते. यात तो एकटाच पडतो.

तिसरं: 'कुणी हसलं की पोटात गोळा येतो, आणि तुमची तर चार दिवस रात्रपाळी झाली, झोप नीट नाही. अशात छोटी गोष्टही फार लागते. तो नेमका कधी हसला, आजूबाजूला कोण होतं, सावकाश सांगता का? दोघं मिळून बघू.'

या उत्तरात काय काय झालं ते पाहा. त्याची भावना खरी मानली, पण सुपरवायझर त्यालाच हसला हे मान्य केलं नाही. झोपेचं कारण देऊन त्याच्यावरचा दोष हलका केला. आणि वास्तव तपासायचं काम त्याच्यावर एकट्यावर न टाकता सोबत घेतलं. वडिलांचा संदर्भ थेरपिस्टच्या मनात आहेच. त्यामुळेच तिला कळलं की याला हसण्याची जखम आहे आणि आपला आवाज आत्ता जराही वरचा लागता कामा नये.

मग खोल अर्थ कधीच सांगायचा नाही का? सांगायचा, पण कसा, याचं फार कामाचं विवेचन अमेरिकन मनोविश्लेषक फ्रेड पाइन यांनी १९८० च्या दशकात केलं. त्यांचं पहिलं सूत्र म्हणजे तापल्या लोखंडाची म्हण उलटी करणं: लोखंड थंड असताना घाव घाला. भावना उसळलेली असताना अर्थ सांगायचा नाही. दोन-तीन आठवड्यांनी, पेशंट निवांत असताना, 'त्या दिवशीच्या हसण्याबद्दल बोलू या का?' म्हणून विषय काढायचा. दुसरं, अर्थ सांगताना त्याचा शेवटही बांधून द्यायचा, म्हणजे पेशंटला त्यातून स्वतःविरुद्ध निकाल काढायला जागा राहत नाही: 'वडिलांच्या हसण्याचा तुम्हाला राग यायचा, आणि लहान मुलाला तसा राग येणं साहजिकच आहे.' तिसरं, आधी सूचना द्यायची आणि निवड त्याच्या हाती ठेवायची: 'मला एक गोष्ट सुचतेय, थोडी जड आहे. आज ऐकायची की पुढच्या वेळी?' चौथं, त्या वेळी आधार वाढवायचा: आवाज मऊ, बोलणं सावकाश, सेशनची शेवटची दहा मिनिटं साध्या गोष्टींसाठी राखलेली. जड विषय शेवटच्या पाच मिनिटांत कधीही उघडू नका.

पायरी ५: कोणते बचाव राखायचे, कोणते नाही

माणूस त्रासापासून स्वतःला वाचवायला ज्या युक्त्या करतो, त्यांना विश्लेषणात हळूहळू बाजूला करतात. नाजूक पेशंटच्या बाबतीत आधी विचारायचं: ही युक्ती काढली तर त्याच्याकडे दुसरं काय उरतं?

कुणी सगळं काटेकोर लावून ठेवतं, कुणी पहाटे रामकुंडावर जाऊन येतं, कुणी पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जातं, कुणी आजाराबद्दल भरपूर वाचून त्यावर शांतपणे बोलतं. या गोष्टी माणसाला सावरून धरतात. त्यांना नावं ठेवू नका, त्यांच्या मुळाशी जायची घाई करू नका. उलट विचारा, 'सकाळी रामकुंडावर जाऊन आलं की दिवस कसा जातो?' आणि जमत असेल तर ते चालू ठेवा म्हणा.

गोळ्या नकोत कारण 'मला काही झालेलंच नाही', सगळा दोष बायकोचा, झोपेसाठी रोज क्वार्टर: या युक्त्या राखायच्या नाहीत. पण त्या तोडायच्याही नाहीत; त्यांची किंमत शांतपणे दाखवायची. 'गोळ्या बंद केल्यावर मागच्या वेळी तिसऱ्या आठवड्यात काय झालं होतं, आठवतं?'

घरच्यांनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीची तीन दिवसांची पूजा ठरवली असेल तर वाद घालू नका. वाद घातलात तर पेशंट तुमच्या आणि घराच्या मध्ये ओढला जातो. एवढंच सांगा: त्या तीन दिवसांत गोळ्या वेळेवर, झोप पुरी, आणि जेवण-उपासाचं डॉक्टरांना विचारून. घरचे हे बहुधा मनापासून पाळतात.

कौतुक करायचं तर खरं करा. 'छान, छान' पेशंटला लगेच कळतं. 'मागच्या वेळी चिडून निघून गेला होतात, या वेळी फोन करून येत नाही म्हणून सांगितलंत' हे कौतुक त्याच्याजवळ राहतं. सल्ला क्वचित, आणि फक्त जगण्याची घडी राखणारा: झोप, जेवण, पाळी बदलून मागणं, डॉक्टरांकडे जाणं. लग्न, घटस्फोट, वाटणी, नोकरी सोडणं यांवर सल्ला देऊ नका; 'मोठा निर्णय तीन महिने पुढे ढकलू' एवढंच सुचवा. ज्या प्रसंगाची त्याला धास्ती आहे त्याची आधी तयारी करून घ्या. लग्नाला जायचंय, नातेवाईक विचारणार 'सध्या काय करतोस?', तर काय उत्तर द्यायचं ते सेशनमध्ये मोठ्याने म्हणून बघू द्या.

पायरी ६: तुमच्यात आणि त्याच्यात जे चाललंय

पेशंट तुम्हाला ताई म्हणतो, तुमच्यावर विश्वास टाकतो, तुम्ही सांगितलेलं घरी जाऊन सांगतो. जुन्या नात्यांतल्या भावना अशा थेरपिस्टवर येतात त्याला ट्रान्सफरन्स म्हणतात, आणि मनोविश्लेषणात त्याचा अर्थ उलगडतात. इथे तो सौम्य असेल तर तसाच राहू द्या, कारण त्याच्या बळावरच बाकीचं काम होतं. संशय आणि राग मात्र साठू देऊ नका. 'मागच्या बुधवारी मी पाच मिनिटं उशिरा आले. तुम्हाला काय वाटलं?' आणि उशीर झाला असेल तर तो सरळ मान्य करा. तुमच्या गप्प राहण्यात किंवा गूढ हसण्यात तो भलतंच काही वाचू शकतो.

तुमच्या मनातही बरंच चालतं. अशा पेशंटला वाचवायची ऊर्मी फार जोरात येते: वेळ वाढवायचा, फी सोडून द्यायची, स्वतः फोन करत राहायचं. कधी उलट कंटाळा येतो, त्याचं नाव डायरीत दिसलं की जीव दमतो. दोन्ही सुपरव्हिजनला न्या. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की महिन्यातून दोनदा तरी एखाद्या अनुभवी सहकाऱ्यासोबत बसा, ऑनलाइन का होईना.

पायरी ७: बाहेर बसलेले घरचे

आई, भाऊ, सासू सेशननंतर दारात गाठून विचारतात, 'काय म्हणाला?' मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार पेशंटची माहिती गोपनीय आहे, पण कायद्याचं कलम दाराशी उभं राहून सुनावल्याने काही साधत नाही. पहिल्या भेटीतच पेशंटसमोर त्यांना सांगा: 'तो इथे काय बोलतो ते मी सांगणार नाही. जिवाला धोका वाटला तर मात्र मी तुम्हाला नक्की कळवीन, आणि ते त्यालाही ठाऊक असेल.' मग महिन्यातून एकदा पेशंटच्या संमतीने सगळ्यांसोबत पंधरा मिनिटं बसा. त्यात ठोस कामं वाटा: गोळ्या कोण देणार, झोप कमी झाली तर कोण पाहणार, कुणाला फोन करणार. टोमणे कमी करा असं म्हणण्यापेक्षा 'सकाळी तो उठल्यावर अर्धा तास कामाचं काही विचारू नका' असं सांगितलेलं घरात पाळलं जातं.

पायरी ८: सुट्ट्या, वाईट दिवस, आणि शेवट

दिवाळीची सुट्टी नाजूक पेशंटला टाकून दिल्यासारखी वाटू शकते. तीन आठवडे आधी सांगा, दर भेटीत एकदा आठवण करा, पुढची तारीख तुमच्या अक्षरात कार्डावर लिहून द्या. असं कार्ड पेशंट पाकिटात जपून ठेवतात. ब्रिटिश मनोविश्लेषक विनिकॉट यांनी आई जवळ नसताना लहान मुलाला धीर देणाऱ्या गोधडी-बाहुलीबद्दल जे लिहिलं, त्याच जातीचं काम ते करतं. सुट्टीत कोण सहकारी उपलब्ध आहे, त्यांचा नंबर, हेही त्यावरच.

वाईट दिवसांसाठी पेशंट बरा असताना एक पान तयार करा: बिघडायला लागलं की आधी काय दिसतं (बहुतेकांची झोप जाते), तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाजवळ जाऊन बसायचं, कुणाला फोन करायचा, शेवटी कोणत्या दवाखान्यात जायचं. पेशंटच्याच शब्दांत लिहा. प्रत्यक्ष संकट आलं तर त्या दिवशी कुठलाही अर्थ उलगडायचा नाही; तुम्ही पुढाकार घ्यायचा, घरच्यांना बोलवायचं, सायकिॲट्रिस्टला फोन करायचा, पेशंटला एकटं सोडायचं नाही.

काही जण वर्ष-दीड वर्षात इतके सावरतात की स्वतःच विचारू लागतात, 'मला असं का होतं?' झोप, काम, गोळ्या सहा महिने स्थिर असतील तर त्या प्रश्नासोबत थोडं खोल जा, एका वेळी एकच पाऊल, आणि पुढच्या आठवड्यात परिणाम तपासून. बाकीच्यांसाठी भेटी विरळ करत न्या: पंधरा दिवस, महिना, तीन महिने. फाइल पूर्ण बंद करण्याचा आग्रह धरू नका. वर्षातून दोनदा येऊन जाणारा पेशंट तुमच्यावर अवलंबून राहिला असं मानायचं कारण नाही. तुम्हीच शहर सोडत असाल तर किमान तीन महिने आधी सांगा, आणि नव्या थेरपिस्टसोबत पहिली भेट तिघांनी मिळून, पेशंटच्या नेहमीच्याच वारी आणि वेळी ठेवा.